मालवाहू गाडीचे पाटे आणि शॉकअप : व्यापाऱ्याने काय जाणून घ्यावे?

२०१९ च्या जुलै महिन्यात कोऱ्या कपड्याचे तागे घेऊन मालेगावहून मुंबईकडे निघालेली आमची पिकअप कसारा घाटाच्या उतारावर कठड्याला घासत जाऊन थांबली. ड्रायव्हरच्या कोपराला मार लागला, माल वाचला. ब्रेकचे लायनर दोन महिन्यांपूर्वीच बदललेले होते, टायर चांगले होते, गाडी खालच्या गियरमध्ये होती. तरी ब्रेक पुरला नाही. गॅरेजवाले उस्ताद गाडीखाली शिरले, बराच वेळ पाहिले आणि बाहेर येऊन मलाच विचारू लागले, "शेठ, मागचे पाटे कोणी वाढवले?"

मी म्हणालो, "मीच वाढवले. पण उस्ताद, लागला नाही तो ब्रेक. पाट्यांचा त्याच्याशी काय संबंध?"

संबंध होता, आणि तो समजून घ्यायला माझी अख्खी दुपार गेली. आज आपल्यापैकी अनेकांच्या दारात स्वतःची पिकअप नाहीतर टेंपो उभा असतो. भाडे, डिझेल, टोल यांचा हिशोब आपण रुपया-रुपयाने ठेवतो. परंतु ज्या लोखंडावर माल तोललेला असतो त्याकडे ते तुटेपर्यंत वाकून पाहत नाही. म्हणून त्या दुपारी आणि पुढे विचारपूस करून जे कळले, ते येथे मांडतो.

गाडीचा सांगाडा म्हणजे चासी थेट चाकांवर ठेवलेली नसते. हातगाडी तशी असते, म्हणून ती दगडावरून गेली की वरची काचेची बरणी उडते. मोटारीत चाकांचा ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये स्प्रिंग असते. मालवाहू गाडीत मागच्या बाजूला बहुधा पाट्यांचीच स्प्रिंग असते, म्हणजे कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. खड्डा आला की चाक वर उचलले जाते, पाटे दबतात आणि तो हादरा स्वतःत साठवतात. चासी जवळजवळ जागेवर राहते.

स्प्रिंगचा कायदा अगदी सरळ आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी तो १६७८ साली छापून प्रसिद्ध केला. जितके वजन, तितका वाक. ५०० किलोला पाटे चार सेंटिमीटर बसत असतील तर १,००० किलोला आठ बसतील. स्प्रिंगच्या तराजूचा काटा याच नियमावर चालतो. गाडीचे पाटे हाही एक प्रकारचा तराजूच आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम आहे.

पण साठवलेला हादरा जातो कोठे? स्प्रिंग तो परत करते. दबलेले पाटे उसळतात, गाडी वर जाते, पुन्हा खाली येते, पुन्हा वर. याला आवर घालणारी वस्तू म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकअप. नावामुळे सर्वांचा गैरसमज होतो की धक्का हाच सोसतो. धक्का पाटे सोसतात. शॉकअप पाट्यांना शांत करतो.

माग चालवणाऱ्या बंधूंना हे चटकन पटेल. धोटा जोराने समोरच्या पेटीत शिरतो. तेथे त्याला अडवायला नुसती स्प्रिंग ठेवली तर तो तसाच उलटा फेकला जाईल. म्हणून पेटीत दाबपट्टी असते, ती धोट्याला घासून त्याचा वेग खाते. पट्टी ढिली पडली की धोटा पेटीत मागे उसळतो आणि पुढचा मार कमजोर बसतो. शॉकअप ही गाडीची दाबपट्टी आहे. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा. गाडी हलली की तेलाला त्या छिद्रांतून जबरदस्तीने जावे लागते. हलण्याचा जोर तेथे खर्च होऊन तेल तापते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहा, गरम लागेल. तो गार असेल तर त्याने काम केले नाही असे समजायला हरकत नाही.

आता पाट्यांकडे वळू, कारण खरी कारागिरी तेथे आहे. सर्वांत वरच्या मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे वळवलेले असतात. पुढचा डोळा बुश आणि पिनेने चासीच्या ब्रॅकेटला पक्का बसतो. मागचा डोळा मात्र शॅकल नावाच्या झुलत्या पट्ट्यांना टांगलेला असतो. का? कमान दबली की सपाट होते आणि सपाट झाली की लांबते. त्या लांबीला जागा हवी. शॅकल गंजून जाम झाले की पाट्यांना लांबायला वाव राहत नाही. मग पाटा किंवा ब्रॅकेट यांतले काहीतरी तुटते.

खालचे पाटे क्रमाने आखूड होत जातात, तेही उगाच नाही. वाकवणारा जोर मधोमध सर्वांत जास्त आणि टोकांना सर्वांत कमी असतो, म्हणून पोलादही मध्ये जास्त लागते. नव्या गाड्यांत पॅराबोलिक पाटे येतात. त्यांत मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेले मोजकेच पाटे असतात. वजन कमी, घर्षण कमी, चाल मऊ. जुन्या पद्धतीचे पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानेही थोडा आवर बसतो, पण गाडी करकरते.

हा सगळा जुडगा मधल्या सेंटर बोल्टने एकत्र धरलेला असतो आणि यू-बोल्टांनी ॲक्सलला आवळलेला असतो. यू-बोल्ट ढिले झाले की पाटे मधल्या छिद्रापाशी वाकू लागतात; छिद्र ही पाट्याची सर्वांत कमजोर जागा, तेथेच चीर जाते. सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते दिसते, आपल्या ड्रायव्हरला फक्त स्टिअरिंग ओढल्यासारखे वाटते.

पाट्यांचे काम करणाऱ्या कारागीर भावांशी थोडे बोलतो. जुडग्यातला प्रत्येक आखूड पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकलेला असतो. दोन सुटे पाटे एकावर एक धरले की मध्ये बारीक फट दिसते. बोल्ट आवळल्यावर ती फट मिटते आणि खालचे पाटे मुख्य पाट्याचा ताण हलका करतात. चांगला कारागीर ही फट डोळ्याने ओळखतो. भंगारातून मापाचा म्हणून आणलेला पाटा लांबीला जुळतो, वाकाला जुळत नाही आणि थोड्याच फेऱ्यांत शेजारच्या पाट्याला घेऊन तुटतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पोलादाला पाणी देणे, उर्दूत ज्याला आब म्हणतात, ते कारखान्यात ठरलेल्या उष्णतेवर होते. साधारण ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात आणि मग पुन्हा ४५० ते ५०० अंशांवर धरून त्याचा ठिसूळपणा काढतात. भट्टीत लाल करून साध्या पाण्यात बुडवलेला पाटा कानशीला दाद देत नाही इतका कडक होतो, पण तो काचेच्या जातीचा असतो. लाल करून हवेतच गार केला तर मऊ पडून बसतो. आणि पाट्यावर वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडू देऊ नये. त्या एका ठिपक्यापासून चीर सुरू होते.

आता माझ्या चुकीकडे येतो.

गाडीचे माल वाहण्याचे पासिंग १,२०० किलो. मी भरत होतो कधी १,७००, कधी १,८००. गाडी मागून बसू लागली. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, दोन पाटे टाकून घ्या, चार पैसे जातील पण कटकट मिटेल." घेतले टाकून. सारख्या जाडीच्या सहा पाट्यांचे आठ केले की कडकपणा साधारण एक तृतीयांशाने वाढतो. जी गाडी १२ सेंटिमीटर बसायची ती ९ बसते. गाडी ताठ उभी राहिली आणि मी खूश झालो.

पण पाटे वाढल्याने गाडीची ताकद वाढत नाही, फक्त तिचे बसणे कमी होते. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. ती बसत होती म्हणजे सांगत होती की वजन जास्त झाले. मी तिचे तोंड बंद केले. शिवाय परतीच्या रिकाम्या फेरीत तिच्यावर वजन नसे आणि पाटे आठ. मागची चाके रस्त्यावर टेकण्याऐवजी नाचत. टायर जागोजागी खोलगट झिजले, तेव्हा मी टायरवाल्याशी भांडलो होतो.

ब्रेकचे कोडे मात्र वेगळे निघाले. सर्व नाही, पण पुष्कळ हलक्या मालवाहू गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडी जाते आणि तिच्या टोकाला ब्रेकच्या तेलाचा एक वाल्व्ह असतो. गाडी रिकामी असताना मागच्या चाकांना पूर्ण ब्रेक दिला तर ती घसरतात. म्हणून हा वाल्व्ह मागचा दाब कमी ठेवतो. माल भरला की पाटे बसतात, ॲक्सल आणि चासी यांतले अंतर कमी होते, दांडी वाल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. म्हणजे गाडी स्वतःच्या पाट्यांवर स्वतःचे वजन मोजते. वर तराजूचे म्हटले ते याचसाठी. मी दोन पाटे टाकून तो तराजू खोटा केला होता. वर १,८०० किलो असतानाही वाल्व्हला वाटत होते की माल त्याहून पुष्कळ कमी आहे. मागचे ब्रेक हात राखून लागत होते, सगळा भार पुढच्यांवर पडत होता आणि लांब उतारावर पुढचे तापून ढिले पडले. कपड्याच्या धंद्यात आयुष्य गेले. मापात मारणे कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवायला नको होते.

पाटे काढून टाकले, वाल्व्हची दांडी मूळ मापावर लावून घेतली. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आला, तो हिशोब वेगळाच.

पुढच्या बाजूचे सविस्तर सांगत बसत नाही. काही हलक्या गाड्यांत तेथे गोल स्प्रिंग, बॉल जॉइंट आणि रबरी बुश असतात आणि ते गॅरेजवाल्यानेच पाहावेत. आरामबसमध्ये पाट्यांऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर गाडी तोलतात; प्रवासी कमी-जास्त झाले तरी वाल्व्ह हवा भरून-सोडून उंची तीच ठेवतो. आपल्या कामाला ते परवडणारे नाही.

मालकाने स्वतः पाहण्यासारखे थोडे आहे. रिकाम्या गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडा. ती एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा हेलकावली तर संपला. त्याच्या नळीवर तेलाची ओली धूळ दिसली तरी तेच. शॉकअप एकटा बदलू नका, जोडीने बदला. लोखंडी पिनांना ग्रीस द्या, पण रबरी बुशला तेल-ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगून खराब होते. दोन्ही बाजूंची उंची जमिनीपासून मोजा. सपाट जागेवर रिकामी गाडी एका बाजूला कललेली असेल तर त्या बाजूचा पाटा गेलेला असण्याचा संभव मोठा. आणि पाट्यांचे काम केल्यावर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला गाडी परत पाठवा. हे काम फुकटात होते, म्हणून ड्रायव्हर टाळतो आणि कारागीरही आठवण करून देत नाही.

आता माझी गाडी १,२०० भरते. उरलेला माल दुसऱ्या दिवशी जातो किंवा ट्रान्सपोर्टने. महिन्याला भाड्याचा खर्च वाढला आहे, ही गोष्ट लपवत नाही. ड्रायव्हर तोच आहे. मागच्या सीझनला त्याने एकदा विचारले, "शेठ, घाई आहे, आजच्या दिवस १०० किलो जास्त टाकू का?" मी त्याला त्याचा कोपर दाखवायला सांगितले.