माळ्यावरचा मूव्ही कॅमेरा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून चामड्याच्या पेटीतला जुना मूव्ही कॅमेरा निघाला, तर तो भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायची घाई करू नका. ‘हे पुरुषांचं खेळणं’ असं कुणी म्हणालं तर सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव सांगा. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांनी केली, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक होताच!

घरगुती कॅमेरे मुख्यतः दोन जातींचे. १९३२ मध्ये निघालेला आठ मिलिमीटरचा. त्यातले बरेचसे चावीचे. त्याचं रीळ अर्धं झालं की सावलीत उघडून उलटं घालायचं. दुसरा १९६५ चा सुपर एट. हा सेलवर चालतो आणि फिल्मचा डबा नुसता आत सरकवायचा. नवशिकीनं सुपर एटच घ्यावा, असं माझं मत. त्याची फिल्म कोडॅक कंपनी अजून काढते. मात्र नांदेड-लातूरच्या दुकानांत ती शोधत बसू नका, बाहेरूनच मागवावी लागते.

विकत घेताना सोबत सेल आणि बॅटरी न्या. दुकानदार ‘चालू आहे’ म्हणेलच! सेल घालून बटण दाबा. आवाज एकसारखा यायला हवा. मग भिंगातून बॅटरीचा झोत टाकून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. असा कॅमेरा स्वस्तातही नको. सेलच्या खणात पांढरी-हिरवी पूड असेल तर मात्र घाबरू नका. काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसानं पुसा, मग ओलसर कापसानं, आणि पूर्ण कोरडं करा.

ठेवण्याची रीतही सोपी आहे. चामड्याची पेटी दिसायला झोकदार, पण पावसाळ्यात तीच ओल धरते. कॅमेरा झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. सेल काढून ठेवा; चावीचा असेल तर चावी पूर्ण उतरू द्या, नाहीतर स्प्रिंग ताणलेली राहते. साड्यांत घालतो त्या डांबराच्या गोळ्या जवळपाससुद्धा नकोत. आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच.

पण कॅमेऱ्याहूनही आधी रिळं सांभाळा, बाई. या रंगीत रिळांना बहुधा निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून गेलेली तीच फिल्म धुऊन पडद्यावर दाखवायची. ती गेली की सगळंच गेलं. आमच्या सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच वारल्या. अंगणात तुळशीला पाणी घालून, पदर सावरत वळून हसणाऱ्या सासूबाई मी पाहिल्या त्या अशाच एका रिळात. आवाज नाही, पण धाकट्या नणंदेची चाल हुबेहूब त्यांची, हे तेव्हाच कळलं.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म खराब होऊ लागली आहे असं समजा. ते रीळ लगेच इतरांपासून वेगळं करा. ही खोड शेजारच्या रिळांनाही लागते. आकसलेलं रीळ हौसेनं प्रोजेक्टरवर चढवू नका, तुटेल. पुण्या-मुंबईला स्कॅन करून देणाऱ्यांकडे आधी पाठवा.

राहिला नव्या चित्रणाचा खर्च. सुपर एटचा एक डबा म्हणजे पन्नास फूट. सेकंदाला अठरा चित्रं धरली तर तीन मिनिटं वीस सेकंद. तेव्हा मुंजीत मातृभोजन घ्यायचं की भिक्षावळ, हे जाऊबाईंशी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.