वयात आलेल्या मुलीची तालीम

केरळात कोळिकोड जिल्ह्यात वडकरा हे गाव आहे. तेथील मीनाक्षी अम्मा वयाच्या ७ व्या वर्षापासून कळरीपयट्टु ही युद्धविद्या शिकल्या. कळरी म्हणजे आपल्याकडची तालीमच म्हणा. प्रथम अंग कमवायचे, मग काठी, मग ढाल-तलवार, शेवटी नुसत्या हातांनी लढायचे. यातली एकही पायरी गाळता येत नाही.

मुलगी वयात आली की तिचे शिकणे बंद करावयाचे, अशी तेथे रीत होती. अम्मांच्या वडिलांनी ती मानली नाही. पुढे गुरू राघवन यांच्याशीच अम्मांचे लग्न झाले. पतीच्या पश्चात त्यांनी कळरी चालविली. मुले-मुली एकत्र शिकत. फी नाही, ज्याने त्याने यथाशक्ती गुरुदक्षिणा द्यायची. २०१७ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली, तेव्हा वयाची पंचाहत्तरी आली होती.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ज्वारी पोटरीत आली म्हणजे आपण पाणी तोडत नाही. उलट त्याच वेळी ते आठवणीने देतो. मग मुलगी वयात आली म्हणून तिचे मैदान का तोडावे? यंदा घरात एवढा विचार जरूर व्हावा.