पेटीतली जुनी तिकिटे : कात्रीआधी भिंग घ्या!

आमच्या घरी माळ्यावर दादांची एक पत्र्याची पेटी होती. दादा निजामाच्या काळात औरंगाबादच्या तहसील कचेरीत पेशकार होते. पेटीत त्यांची पत्रे, पावत्या आणि सरकारी लिफाफे. मी आठवीत असताना तिकिटे जमवण्याचा नाद लागला. एका दुपारी मी आणि धाकट्या भावाने कात्री घेतली, लिफाफ्यांवरची तिकिटे कापली आणि खळीने वहीत चिकटवली. उरलेले लिफाफे अम्मीने चुलीत घातले. रद्दीच होती ती!

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रदर्शनात ती वही एका वयस्क संग्राहकाला दाखवली. त्यांनी भिंगातून एक तिकीट बराच वेळ पाहिले आणि विचारले, “बेटा, याचा लिफाफा कुठे आहे?” मी गप्प. “तिकीट पुन्हा मिळेल,” ते म्हणाले, “लिफाफा मिळणार नाही.”

त्या दिवशी मला कळले ते वाचकांनाही सांगावेसे वाटते. कारण मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत अशी पेटी अजून आहे.

हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे टपाल खाते होते. पहिले तिकीट १८६९ साली निघाले. १८७१ पासूनच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार लिपींतला मजकूर असे. ही तिकिटे संस्थानापुरतीच चालत. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पत्रांवर ब्रिटिश हिंदुस्थानची तिकिटे दिसतात. १९३१ साली चित्रांची मालिका आली. एक आण्यावर चारमिनार, आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा चाँदमिनार! म्हणजे त्या मालिकेतली दोन चित्रे आपल्याच जिल्ह्याची. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० पासून इथे भारतीय तिकिटेच चालू लागली.

आता मुद्द्याचे. एकाच चित्राची, एकाच किमतीची दोन तिकिटे सारखीच असतात असे नाही. फरक छपाईत असतो, आणि तो शोधायला महागडे यंत्र लागत नाही. एक भिंग, एक चिमटा आणि छिद्रे मोजायची पट्टी पुरते.

आधी कडा पाहा. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात ते मोजतात. १८७१ नंतरच्या हैदराबादी तिकिटांत कुठे साडेअकरा, कुठे साडेबारा असा फरक सापडतो. छिद्रेच नसलेले तिकीट दिसले तर लगेच हुरळू नका. कुणीतरी कात्रीने दाते कापलेले असू शकतात. म्हणून जाणकार अशी तिकिटे सुटी नव्हे, जोडीने जुळलेली मागतात.

मग रंग आणि कागद. शाई दर वेळी तशीच जमत नसे, त्यामुळे एकाच तिकिटाच्या छटा निघतात. पण उन्हाने उडालेला रंग म्हणजे वेगळी छटा नव्हे. तिकीट उजेडासमोर धरले की कागदातला वॉटरमार्क दिसतो. तो उलटा आहे का तेही बघावे.

हैदराबादी तिकिटांत सर्वांत मजेचा भाग म्हणजे ‘सरकारी’ हा उर्दू शिक्का. कचेऱ्यांच्या टपालासाठी साध्याच तिकिटांवर तो छापत, आणि ही पद्धत १८७३ पासूनची. घाईत कधी तो उलटा पडे, कधी दोनदा उमटे. असे नमुने संग्राहक शोधतात, म्हणून नकलीही होतात. एक साधी परीक्षा : तिकीट आधी छापून मग पत्रावर लागते आणि पोस्टाचा ठसा शेवटी बसतो. ‘सरकारी’ची शाई पोस्टाच्या ठशाच्या वर दिसली तर ती नंतर कुणी मारली आहे.

चूक म्हणजे लाखो रुपये, हा समजही काढून टाका. १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटाची लाल चौकट आणि राणीचे निळे डोके वेगवेगळे छापले गेले. काहींवर डोके उलटे पडले. ती जगात मोजकीच उरली, म्हणून अमूल्य. उलट, १९४९ साली नाशिकच्या छापखान्यातून निघालेल्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली. १९५० मध्ये चित्र दुरुस्त झाले. पण हे रोजच्या वापराचे तिकीट, उदंड छापलेले. त्यामुळे चूक असूनही ते आजही परवडणाऱ्या दरात मिळते. किंमत चुकीला नाही, दुर्मिळतेला आहे. आणि दुर्मिळ तिकीटही फाटके, डागाळलेले असेल तर भाव कोसळतो.

कॅटलॉगमधला आकडा म्हणजे हातात पडणारे पैसे, असेही समजू नका. तो चांगल्या स्थितीतल्या तिकिटाचा दुकानातला विक्रीचा दर असतो. घेणारा त्याहून बराच कमी देतो. मोठी किंमत सांगितली जात असेल तर तज्ज्ञांचे प्रमाणपत्र घ्यावे. आणि आपण विकत असू तर दुरुस्ती, चिरा, डाग आधीच सांगावेत. ऐब लपवून केलेल्या सौद्यात बरकत नसते.

दादांच्या त्या तिकिटाची हकीकत एवढीच : एक आण्याचा चारमिनार, त्यावर ‘सरकारी’. तिकीट म्हणून स्वस्तच. पण लिफाफ्यावर तारीख होती, गावाचा ठसा होता, पाठवणाऱ्या कचेरीचे नाव होते, दादांचे नाव होते. एखाद्या लहान गावच्या पोस्टाचा स्पष्ट ठसा असता तर लिफाफ्याला चार पैसे जास्तही आले असते. पैशांचे दुःख नाही. दादांना त्या दिवशी कुठून, काय हुकूम आला होता, हे आता कधीच कळणार नाही.

तेव्हा पेटी उघडाल तर मुलांना जवळ बसवा. हात कोरडे ठेवा, तिकीट चिमट्याने धरा. लिफाफ्यावरून ते काढू नका, पाण्यात भिजवू नका, गोंद-टेप लावू नका. आधी उर्दू वाचणाऱ्या एखाद्या बुजुर्गाकडून पत्र वाचून घ्या. भिंग त्यानंतर.