टाकणे आणि सोपविणे

मूल टाकून दिले काय किंवा दुसऱ्याच्या हाती सोपविले काय, मातेला ते अंतरतेच. परंतु कायद्याने या दोन कृत्यांत फार मोठा भेद केला आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे कित्येक अर्भके नाहक प्राणास मुकतात.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३१७ व्या कलमाने बारा वर्षांखालील मूल टाकून जाणाऱ्या मातापित्यांस सात वर्षांपर्यंतची कैद सांगितली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ९३ व्या कलमात ती कायम आहे. हेतू मुलाच्या रक्षणाचाच. पण केवळ धाकाने मूल वाचत नाही. भ्यालेली माता अधिकच निर्जन जागा शोधते, आणि जागा जितकी निर्जन, तितकी मुलाच्या जगण्याची आशा कमी.

हे मर्म जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी ओळखले होते. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. लोकनिंदेच्या भयाने हवालदिल झालेल्या विधवेला तेथे बाळंतपणासाठी आसरा मिळे. मूल जवळ ठेवायचे की नाही, हे तिच्या इच्छेवर असे. तेथे जन्मलेल्या यशवंताला या दांपत्याने दत्तक घेतले. पुढे तमिळनाडू सरकारने १९९२ साली सेलम येथे पाळणा योजना सुरू केली, तीही नवजात मुलींच्या हत्या टळाव्यात म्हणूनच.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने हा मार्ग देशभर खुला केला. शारीरिक, भावनिक वा सामाजिक कारणांमुळे ज्यांना मूल सांभाळणे अशक्य आहे, त्यांनी ते बालकल्याण समितीपुढे आणावे. समिती चौकशी करते, समुपदेशन करते, आणि मगच स्वाधीनतेचा लेख होतो. त्यानंतरही फेरविचारास दोन महिन्यांची मुदत असते. ती संपण्यापूर्वी मूल दत्तक देता येत नाही. या चौकशीत जन्मदात्यांवर गुन्हा नोंदविता येत नाही. इतकेच नव्हे, तर आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल टाकले असेल, तर ते बुद्ध्या टाकले असे या अधिनियमात मानले जात नाही.

परंतु ज्या मुलीला दिवस गेल्याचे घरातही सांगता येत नाही, तिला हे कलम कोण वाचून दाखविणार? ते काम सुईणीचे, परिचारिकेचे, शेजारणीचे आहे. १०९८ हा बालसाहाय्याचा दूरध्वनी क्रमांक वेळेवर तिच्या कानी पडला, तरी एक जीव वाचू शकेल.