मार्चअखेरची ऑफर आणि नवा डिजिटल ऑसिलोस्कोप



सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा या पट्ट्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग किंवा सायन्स कॉलेजच्या लॅबमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर एक वाक्य हमखास कानावर पडेल: "३१ मार्चच्या आत बिल लागलं पाहिजे." अनुदान खर्च झालं नाही तर परत जातं. आणि नेमकं त्याच सुमारास विक्रेत्यांचे मेल येतात. मूळ किंमत खोडलेली, शेजारी नवी किंमत, खाली "बँडविड्थ अपग्रेड मोफत, मर्यादित काळ". तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर असा मेल आज ना उद्या तुमच्याही पुढ्यात येणार. म्हणून आज दोन गोष्टी एकत्र समजून घेऊ: अशी किंमत पाहिल्यावर डोक्यात काय होतं, आणि स्कोपच्या बाबतीत त्याने नुकसान कुठे होतं.

आधी खोडलेली किंमत. १९७४ साली टवर्स्की आणि कानमन यांनी एक साधा प्रयोग छापला. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवायचं, ते १० वर किंवा ६५ वर थांबवायचं, आणि मग विचारायचं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नाही. तरी १० पाहिलेल्यांच्या अंदाजांचा मध्यक २५ आला आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५. याला अँकरिंग म्हणतात, नांगर टाकल्यासारखं. खोडलेली किंमत हेच काम करते. तिच्यावर कोणी कधी तो स्कोप विकला का, हे आपण विचारतच नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा पाहिला असेल तर फरक लगेच कळेल. तिथे माल समोर असतो, बोली लावणारे समोर असतात, भाव सगळ्यांदेखत निघतो. स्कोपच्या ब्रोशरवरची 'लिस्ट प्राइस' अशी निघालेली नसते, ती कंपनीने लिहिलेली असते. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये हे नेमकं मांडलं: खरेदीत आपल्याला दोन वेगळे आनंद होतात. एक, वस्तू उपयोगी पडल्याचा. दुसरा, 'सौदा चांगला पडला' याचा. दुसरा आनंद खराच असतो, पण त्याने वेव्हफॉर्म दिसत नाही.

आता 'मोफत'. शांपानिए, मझार आणि एरिअली यांचा २००७ चा चॉकलेटचा प्रयोग प्रसिद्ध आहे. भारी ट्रफल १५ सेंटला आणि साधं चॉकलेट १ सेंटला ठेवलं, तेव्हा घेणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी ट्रफल उचलला. मग दोन्ही एकेक सेंटने उतरवले: ट्रफल १४ सेंट, साधं फुकट. फरक तोच १४ सेंटचा, पण आता ६९ टक्के लोक फुकटच्या चॉकलेटकडे वळले. शून्य ही नुसती कमी किंमत नाही, तिचं वजनच वेगळं पडतं.

स्कोपमध्ये हे 'मोफत' फार स्वस्तात देता येतं, आणि त्याचं कारण हार्डवेअरमध्ये आहे. आजच्या बऱ्याच मालिकांमध्ये ७०, १०० आणि २०० मेगाहर्ट्झची मॉडेलं आतून जवळपास एकच असतात, बँडविड्थ लायसन्स कीने उघडते. कीसाइटची १२०० एक्स मालिका तर ७० वरून १०० किंवा २०० मेगाहर्ट्झवर सॉफ्टवेअर लायसन्सने नेता येते असं कंपनीच सांगते. अर्थशास्त्रात डेनेकेअर आणि मॅकाफी यांनी १९९६ मध्ये याला 'डॅमेज्ड गुड्स' असं नाव दिलं. मुद्दाम अडवलेला माल म्हणा. त्यांचं गाजलेलं उदाहरण आयबीएमच्या लेझर प्रिंटरचं: त्याच प्रिंटरमध्ये मुद्दाम थांबे घालून मिनिटाला १० पानांऐवजी ५ पानं केली आणि तो स्वस्तात विकला. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. कमी पैसेवाल्याला काहीतरी मिळतं. पण एक लक्षात ठेवा: ज्या गोष्टीची फुकटात खैरात होते, ती द्यायला कंपनीला जवळपास काही खर्च येत नाही. म्हणून ऑफरमध्ये लायसन्स येतं, प्रोब क्वचित येतो. (इंटरनेटवरून की मिळवून अपग्रेड करणारे हौशी लोक बरेच आहेत. थीसिसच्या डेटासाठी ते करू नका. लायसन्स घेतलेल्या बँडविड्थपलीकडे कंपनी कसलीच हमी देत नाही, आणि परीक्षकाने कॅलिब्रेशन विचारलं तर उत्तर नसतं.)

मग तुम्हाला हवं काय? हे मेल उघडण्याआधी ठरवा. आपल्या भागातला नेहमीचा विषय घेऊ: सोलर पंपाचा इन्व्हर्टर. मॉसफेटची कडा समजा २० नॅनोसेकंदांत चढते. स्कोपचा स्वतःचा राइज टाइम म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ. ५० मेगाहर्ट्झला ७ नॅनोसेकंद, १०० ला साडेतीन. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की स्क्रीनवर काय दिसेल ते कळतं. ५० वर २१.२, म्हणजे सहा टक्के चूक. १०० वर २०.३, दीड टक्का. २०० वर २०.१. म्हणजे मोफत मिळालेल्या २०० मेगाहर्ट्झने तुमच्या आलेखात डोळ्याला दिसेल असा काहीच फरक पडत नाही! आणि प्रोब चुकून १एक्सवर राहिला तर सहसा दहा मेगाहर्ट्झच्या आतच गाडी अडते, मग स्कोप कितीही भारी असो.

खरी अडचण मेमरीची असते, आणि ती ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असते. मेनचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. १४ दशलक्ष नमुन्यांची मेमरी असलेला स्कोप सेकंदाला १ अब्ज नमुने घेत असेल तर १४ मिलिसेकंदांत भरतो. एक आवर्तनसुद्धा पुरं मावत नाही. वेग अर्ध्यावर आणला की २८ मिलिसेकंद मिळतात. शिवाय चारही चॅनेल चालू केले की वेग आणि मेमरी वाटली जाते, आणि मोठा आकडा बहुधा एकाच चॅनेलचा छापलेला असतो.

तिसरी गोष्ट बिट्सची. ८०० व्होल्ट पूर्ण पडद्यावर पसरले तर ८ बिट स्कोपची एक पायरी ३.१ व्होल्टची, १२ बिटची ०.२ व्होल्टची (नॉइजमुळे प्रत्यक्षात इतकी बारीक नाही, पण फरक मोठाच). २०२३ च्या सुमारास रिगॉल, सिग्लेंट यांनी १२ बिट स्कोप कमी किमतीत आणले. जुन्या ८ बिट मॉडेलांवर आज जी घसघशीत सूट दिसते तिच्यामागे हे एक कारण आहे. तुमच्या कामाला ८ बिट पुरत असतील तर ती सूट डोळे मिटून घ्या. बारीक रिपल मोजायची असेल तर निम्म्या किमतीतही तो महाग आहे.

पैशांचा हिशोब करून बघू. समजा अनुदान ६०,००० रुपये आणि ऑफरची किंमत ४५,०००. पंधरा हजार वाचले असं वाटतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५३,१०० होतात. सीनियर्सच्या जुन्या फाइलीत ५ टक्के दिसेल. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांसाठीची ती सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद आहे. उरले ६,९००. इन्व्हर्टरवर काम करायला हाय व्होल्टेज डिफरन्शियल प्रोब लागतोच, कारण स्कोपची ग्राउंड क्लिप थेट अर्थला जोडलेली असते. ६,९०० मध्ये चांगला प्रोब सहसा बसत नाही. मग लॅबमध्ये काय होतं? कोणीतरी स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतं. हे करू नका, स्कोपची बॉडीच लाइव्ह होते. थोडक्यात, कमी बँडविड्थचा स्कोप अधिक प्रोब हे पॅकेज ऑफरवाल्या मोठ्या स्कोपपेक्षा तुमच्यासाठी सरस ठरू शकतं. पण ऑफरची मुदत डोक्यावर असताना ही तुलना सुचतच नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत खोटी घाई निर्माण करणं आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करणं, ही दोन्ही नावं आहेत.

आता एक शंका तुम्हाला आली असेल, आणि संशोधक म्हणून यायलाच हवी. चॉकलेट उचलणारा विद्यार्थी आणि कॉलेजची खरेदी समिती एकच का? नाही. तीन कोटेशन्स, तुलनात्मक तक्ता, मग सगळ्यांत कमी दर. तिथे 'मोफत'चा मोह चालत नाही असं वाटेल. पण समितीपुढे तक्ता येण्याआधी स्पेसिफिकेशन कोणीतरी लिहिलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा तुम्हीच, रात्री, विक्रेत्याने पाठवलेल्या वर्डच्या फाइलवरून. त्यात २०० मेगाहर्ट्झ गेलं की स्वस्त आणि पुरेसे स्कोप तिथेच बाद होतात. प्रोबची ओळ राहिली तर तो तक्त्यात येतच नाही. मोह समितीला नाही, स्पेक लिहिणाऱ्याला पडतो.

म्हणून कोटेशन मागवताना मेलमध्ये हे लिहा: किंमत जीएसटी, पॅकिंग आणि सांगली किंवा सातारा पोहोच धरून द्यावी. लायसन्स कायमचं की ठरावीक तासांची ट्रायल, ते कोटेशनवरच लिहावं. चारही चॅनेल चालू असताना नमुन्यांचा वेग आणि मेमरी किती, तेही सांगावं. वॉरंटीत स्कोप दुरुस्तीला पुण्याला न्यायचा की बंगळुरूला, आणि कुरिअर कोणाच्या खर्चाने? शेवटी डेमो मागा, पण त्यांच्या डेमो बोर्डावर नको, तुमच्या सर्किटवर. मार्चमध्ये डेमोला कोणाला वेळ नसतो. ऑक्टोबरमध्ये विचारलंत तर माणूस गाडी काढून येतो.