आज्ञावली बदलताना

गेज बदलणे म्हणजे काय, हे बडोदेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम ही अडीच फूट गेजची रेल्वे सुरू झाली. प्रारंभी तिचे डबे बैल ओढीत. मियागामला साडेपाच फुटी रूळ लागत आणि सारा माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. वेबसर्व्हरची, म्हणजे मागणाऱ्यास संकेतस्थळाची पाने पुरविणारी, आज्ञावली बदलताना असेच एक स्थानक लागते. फरक इतकाच की, तेथे एखादे पोते मागे राहिले तर बोंब होत नाही.

१९९५ साली आलेल्या अपाची या आज्ञावलीत प्रत्येक फोल्डरमध्ये 'डॉट-एचटीअ‍ॅक्सेस' नावाची छोटी फाईल ठेवता येते. फोल्डर कोणी पाहावे, पासवर्ड लागावा का, जुना पत्ता कोठे वळवावा, हे तीत लिहिलेले असते. मुख्य रचनेत मुभा असेल तर अपाची प्रत्येक मागणीच्या वेळी ही फाईल वाचते. सोय मोठी, पण वेळखाऊ. इगोर सिसोयेव्ह यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली एंजिन-एक्स ही फाईल वाचतच नाही. तिचे नियम मध्यवर्ती रचनेतच लिहावे लागतात. तिच्या वेगाचे हेही एक कारण होय.

आता समजा, शाळेने विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका अशा नियमाने कुलूपबंद ठेविल्या आहेत. सर्व फायली जशाच्या तशा एंजिन-एक्सवर नेल्या. मुखपृष्ठ उघडते, छायाचित्रे दिसतात, सर्वांना समाधान वाटते. परंतु गुणपत्रिकांचे कुलूप गळून पडलेले असते. इतकेच नव्हे, वेगळी मनाई केली नसेल तर नियमांची ती फाईलही कोणालाही वाचावयास मिळते. रचना तपासण्याची आज्ञा दिली तरी उत्तर 'ठीक' असेच येते, कारण व्याकरण निर्दोष असते. जो नियम लिहिलाच नाही, त्याविषयी यंत्र काय बोलणार?

अपाचीच्याच २०१२ मधील २.४ आवृत्तीत प्रवेशाचे नियम लिहिण्याची रीत बदलली. जुन्या रीतीसाठी ठेवलेला जोडभाग चालू नसेल, तर पानाऐवजी थेट चूक दिसते. मला ही चूक अधिक सोयीची वाटते. निदान ती ओरडून सांगते. वळविलेला पत्ता तुटला तरी वाचक तक्रार करतो. उघड्या राहिलेल्या दाराची तक्रार मात्र कोणी करीत नाही.

म्हणून स्थलांतरापूर्वी बंद फोल्डरांची यादी करावी आणि नंतर बाहेरच्या संगणकावरून, पासवर्ड न देता, प्रत्येक फोल्डरमधील एखादी फाईल थेट मागून दार ठोठावून पाहावे. ४०१ किंवा ४०३ हा नकाराचा आकडा दिसला, तर ते दार बंद आहे.