निळा झेंडा आणि पुंजाचा हिशेब

२०१४ सालच्या १३ एप्रिलची रात्र. मानवत तालुक्यातल्या आमच्या वस्तीत पताका बांधण्याचे काम चालले होते. कोपऱ्यावरच्या खांबावर पिवळा सोडियमचा दिवा होता. अकरावीतली एक मुलगी झेंडा हातात धरून त्या दिव्याखाली आली आणि म्हणाली, ‘सर, दुकानात निळा होता. इथं काळा काहून दिसायलाय?’ बाजूचा एकजण म्हणाला, ‘रंग कच्चा असंल.’

रंग कच्चा नव्हता. मी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. इतका नेमका प्रश्न वर्गात मला फार थोड्यांनी विचारला. आणि हीच मुलगी दोन महिन्यांनी सांगत आली की, ती शिकत होती तिथल्या एका मास्तरांनी तिला ‘क्वांटम वगैरे तुमच्याच्यानं व्हायचं नाही, कलाशाखेला जा’ असा सल्ला दिला आहे. ‘तुमच्या’ या शब्दात कोण कोण येते हे वाचकांना फोडून सांगण्याची गरज नाही. तिला त्या दिवशी जे सांगितले तेच येथे जरा विस्ताराने मांडतो.

आधी जुने शास्त्र. पुस्तकात त्याला अभिजात भौतिकी म्हणतात. न्यूटनचा ग्रंथ १६८७ चा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, वस्तू या क्षणी कुठे आहे, तिचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) किती आहे आणि तिच्यावर कोणती बले काम करीत आहेत हे कळले, तर पुढच्या क्षणी ती कुठे असेल हे गणिताने सांगता येते. चिंचेवर भिरकावलेल्या दगडाला हे लागू पडते आणि चंद्रालाही. आपल्या जिंतूर तालुक्यातले, पूर्णा नदीवरचे येलदरी धरण पाहा. उंचावर अडवलेले पाणी खाली येते, चक्र फिरवते, चुंबक आणि तारांची वेटोळी एकमेकांच्या सापेक्ष फिरतात, वीज निघते. हे समजायला न्यूटन आणि फॅरडे एवढी शिदोरी पुरते. या शास्त्रात ऊर्जा म्हणजे उतरण आहे : कितीही थोडी घ्या, कितीही थोडी द्या.

त्याच विजेने खांबावरचा दिवा पेटला की मात्र ही शिदोरी संपते.

दिव्यातल्या सोडियमच्या वाफेतून वीज जाते तेव्हा धावणारे इलेक्ट्रॉन सोडियमच्या अणूंवर आदळतात. अणूतला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वरच्या पायरीवर चढतो आणि उतरताना प्रकाश टाकतो. येथे उतरण असती तर तो कुठूनही कुठेही घसरला असता आणि सगळे रंग निघाले असते. प्रत्यक्षात मुख्यतः एकच पिवळा निघतो, सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा. बारकाईने पाहिले तर अगदी लागून असलेल्या दोन रेषा. (रस्त्यावरच्या दिव्यात वाफेचा दाब जास्त असल्याने इतर रंगही थोडे मिसळतात, निळा त्यात फारच कमी.) म्हणजे मधल्या जागा अणूला मोकळ्याच नाहीत. पायऱ्या आहेत, उतरण नाही.

पायऱ्यांचा विषय निघाला की आपल्या वाचकाला १९२० च्या ‘मूकनायका’तला बाबासाहेबांचा बिनजिन्याचा मनोरा आठवणार, हे मी धरून चालतो. फरक एवढाच की अणूला जिना आहे. ठरलेली किंमत मोजली की कोणताही इलेक्ट्रॉन वर जातो.

ही किंमत ठरते कशी? १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांनी तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा हिशेब मांडला. तो जुळावा म्हणून त्यांना असे मानावे लागले की ऊर्जेची देवघेव सुट्या पुड्यांनीच होते. या पुडीला आपल्याकडे पुंज हा शब्द रूढ आहे. पुडीची किंमत म्हणजे प्रकाशाची कंप्रता गुणिले एक स्थिरांक. तो प्लांकचा स्थिरांक : ज्यूल आणि सेकंद या एककांत दशांश चिन्हापुढे तेहेतीस शून्ये आणि मग ६६२६. खुद्द प्लांक यांना ही कल्पना फारशी रुचली नव्हती. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी सांगितले की प्रकाश स्वतःच अशा पुड्यांनी येतो, आणि १९१३ मध्ये बोर यांनी अणूतल्या पायऱ्या मांडल्या.

मग रोजच्या उजेडात या पुड्या का जाणवत नाहीत? ज्वारीचे पोते रिकामे करताना दाणे दिसत नाहीत, धार दिसते. ९ वॅटच्या साध्या एलईडी दिव्यातून सेकंदाला बाहेर पडणाऱ्या पुड्यांची संख्या एकावर अठरा शून्ये या घरातली आहे. धारच दिसणार.

आता झेंडा. कापड निळे आहे याचा अर्थ, पडलेल्या प्रकाशातला निळा भाग ते परत टाकते आणि बाकीचा गिळते. पिवळ्या दिव्यात निळा जवळजवळ नाहीच. कापडाने परत टाकायचे काय? पिवळे गिळले, बाहेर काही आले नाही, म्हणून काळे. दोष झेंड्याचा नव्हता, दिव्याचा होता.

यातला पुढचा भाग मला फार आवडतो. इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापात तांबड्या प्रकाशाची पुडी सुमारे १.९, सोडियमच्या पिवळ्याची २.१ आणि निळ्याची २.७ पर्यंत जाते. निळा महाग. एलईडीत इलेक्ट्रॉन एका ठरावीक उंचीवरून खाली पडतो आणि तेवढ्या किमतीचा प्रकाश देतो. तांबडा एलईडी १९६२ मध्येच झाला. निळ्यासाठी मोठी उडी असलेला पदार्थ हवा होता. गॅलियम नायट्राइड हा तो पदार्थ, पण त्याचे निर्दोष स्फटिक काही केल्या होत नव्हते. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांनी चिकाटीने ते केले, आणि चांगला उजेड देणारा निळा एलईडी १९९० नंतरच्या वर्षांत हाती आला. त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २०१४ मध्येच, आमच्या झेंड्याच्या प्रश्नानंतर सहा महिन्यांनी. आज घरोघरी असलेला पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिलेला असतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे भासते.

आता जरा अवघड भाग. तो टाळून चालणार नाही, कारण नेमक्या याच भागावर बुवाबाजीचे दुकान चालते. १९२७ मध्ये हायझेनबर्ग यांनी दाखवले की कणाचे स्थान आणि संवेग ही दोन्ही एकाच वेळी हव्या तितक्या नेमकेपणाने ठरलेली असू शकत नाहीत. एक घट्ट धरले की दुसरे सैल होते. अणूएवढ्या जागेत इलेक्ट्रॉन कोंडला, तर त्याच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला निदान ५८० किलोमीटर येते. उलट पाच ग्रॅमच्या गोटीचे स्थान मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत ठाऊक असेल, तर वेगातली अनिश्चितता इतकी नगण्य की विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात ती गोटी त्यापायी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकीही सरकणार नाही. म्हणूनच येलदरीच्या चक्राला न्यूटन पुरतो. जुने शास्त्र खोटे ठरले नाही; त्याची हद्द कळली.

मी एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते सांगत होते की ‘पाहणारा’ जग घडवतो हे क्वांटमने सिद्ध केले, म्हणून ज्याची जी स्थिती आहे ती त्याच्याच मनाची आणि पूर्वकर्माची. टाळ्याही पडल्या. पुढच्या रांगेत आमची पोरे बसली होती. दोन फटींचा प्रयोग या मंडळींना फार प्रिय. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन फटींकडे सोडले तर पडद्यावर ठिपके पडतात, पण हजारो ठिपके जमल्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात; आणि कोणत्या फटीतून गेला हे टिपणारे यंत्र बसवले की पट्टे नाहीसे होतात. येथे ‘पाहणे’ म्हणजे यंत्राशी झालेली प्रत्यक्ष देवघेव. खोलीत माणूस नसला तरी निकाल तोच येतो. या सिद्धांताचा नेमका अर्थ काय याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. पण हे गणित ज्या संभाव्यता सांगते त्या कुणाच्या इच्छेने हलत नाहीत. सोडियमची ५८९ ची रेषा मानवतच्या खांबावर तीच आणि सूर्याच्या वर्णपटातही तीच. तिच्यातून पूर्वजन्म काढणारा माणूस शास्त्र सांगत नसतो, जुनाच माल नव्या वेष्टनात विकत असतो.

सूर्याचा वर्णपट म्हटले की मेघनाद साहा आलेच. ढाक्याजवळच्या खेड्यात १८९३ मध्ये जन्म, वडील किराणा दुकानदार, जात त्या काळच्या बंगालात खालची मानलेली. कलकत्त्याच्या ईडन हिंदू वसतिगृहात त्यांना इतर मुलांच्या पंगतीला बसू दिले जात नसे. याच माणसाने १९२० मध्ये बोरच्या अणूला उष्णतेच्या जुन्या शास्त्राची जोड देऊन एक समीकरण मांडले : ठरावीक तापमानाला आणि दाबाला किती अणूंचा इलेक्ट्रॉन सुटून जातो, ते. त्यामुळे ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचे तापमान वाचता येऊ लागले. १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने तेच समीकरण वापरून तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे आहेत हे काढले. तिलाही वडीलधाऱ्यांनी हा निष्कर्ष पातळ करायला लावला, आणि पुढे तोच खरा ठरला. साहा १९४३ च्या दामोदर पुराच्या चौकशी समितीवर होते, आणि त्याच दामोदर योजनेचे काम व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी पुढे नेले. या जोडीवर कुणीतरी सविस्तर लिहायला हवे.

एक घरचे सांगतो. माझी माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची, मजुरी किलोवर. संध्याकाळी गाठोडे काट्यावर चढले की मालकाचा माणूस ओलाव्याचे म्हणून, गाठोड्याच्या फडक्याचे म्हणून दोन-दोन किलो कापायचा. ‘मापात पाप’ ही म्हण आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. तिचा किलो त्या वेळी फ्रान्समधल्या सेव्र येथे ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका ठोकळ्यावर ठरत होता. २० मे २०१९ पासून ते बदलले. आता किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आहे. एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला विजेचे बल तोलून, ती वीज पुंजांच्या नियमांनी मोजून किलो ठरवता येतो. जगातल्या कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेला ते करता येते, सेव्रच्या तिजोरीची किल्ली लागत नाही. यामुळे काट्यावरचा हात बदलला नाही, हे मला कळते.

त्या मुलीने विज्ञान सोडले नाही. आमच्या खांबावर एलईडी बसला, त्या आठवड्यात तिने एक जुनी सीडी आणली, पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक फट पाडली आणि फटीतून येणारा उजेड सीडीवर घेतला. आधी घरातल्या शेगडीच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून पाहिले होते, तेव्हा पिवळी रेघ दिसली होती, मिठातही सोडियमच. आता खांबाखाली निळ्याचा ठळक पट्टा दिसला, त्यापुढे अंधूक फट आणि मग हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला रंग. ‘मधी ही फट काहून, सर?’ तिने विचारले. एका बाजूला निळा देणारा स्फटिक, दुसऱ्या बाजूला पिवळा देणारा थर, आणि त्या दोघांच्या मधल्या किमतीच्या पुड्या त्या दिव्यात फार थोड्या, असे मी सांगितले. तिने वहीत पट्टा काढला आणि फटीपाशी बाण करून आकडा लिहायला जागा सोडली.